चहा मोजणीनंतर

मी हे लिहावं की नाही, हे माझं अजून पक्कं झालेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे एखाद्या माणसावर कसं लिहितात, हे विचारायला घरात कोणी नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितोय, त्या पष्टेकाकांना अंदाजाने केलेली कुठलीच गोष्ट चालत नसे, आणि माझं सगळं लिहिणं अंदाजाचंच आहे. त्यांनी हा कागद वाचला असता तर पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत विचारलं असतं, ‘हे कुठून धरून मोजलंस?’ तेव्हा आधीच माफी मागतो आणि सुरुवात करतो.

काका मुरबाडकडचे. सरकारी मोजणी खात्यात नोकरी झाली, निवृत्त झाले, आणि मग घर किंवा जागा घेणाऱ्यांसाठी खासगी मोजणी करून देऊ लागले. मुरबाडपासून शहापूरपर्यंत त्यांची जुनी स्कूटर दिसली की घर विकणाऱ्याचं तोंड उतरायचं आणि घेणारा उगाच छाती काढून चालायचा. संध्याकाळपर्यंत बऱ्याचदा दोघांचीही तोंडं सारखीच झालेली असत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते सापगावात, घर विकायला काढलेल्या नामदेवदादांच्या अंगणात. माझे बाबा भातसानगरला धरणावर नोकरीला होते. त्या वर्षी ते निवृत्त होणार होते आणि कॉलनीतलं क्वार्टर सोडावं लागणार होतं. माझा जन्म त्या क्वार्टरमधला. स्वतःचं म्हणावं असं घर आम्हाला नव्हतं, आणि आयुष्यात एकच घर घेता येईल हे बाबांना ठाऊक होतं. नामदेवदादांचं घर त्यांना फार आवडलं होतं. कौलारू, दोन खोल्या, पुढे पडवी, मागे मोठं स्वयंपाकघर. आईने त्या स्वयंपाकघरात मनातल्या मनात भांडीसुद्धा लावून टाकली होती. काकांना बोलवायचं ते केवळ बाबांच्या साहेबांनी बजावलं होतं म्हणून.

नामदेवदादा चहा घेऊन आले. मी आणि बाबांनी मुकाट्याने कप उचलले. काकांनी आपल्या कपावर बशी उपडी घातली.

“पहिली मोजणी. मी चहा प्यालो की माझी टेप आखडते.”

नामदेवदादा हसले. काका हसले नाहीत. बाबा टेपचं टोक धरायला पुढे झाले, तर काकांनी त्यांना थांबवलं.

“तुमी प्यालात ना? मग राव द्या.” आणि त्यांनी पिशवीतून एक लांब लोखंडी खिळा काढून जमिनीत ठोकला. टेपची कडी त्यात अडकवली. “खिळा चहा पीत नाय.”

मला तेव्हा वाटलं, माणूस जरा चक्रम आहे. हे मत मी पुढे बदललं असं नाही, फक्त त्यात भर घातली.

घराच्या मागे, स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे एक दगड होता. शेंदराने लालभडक झालेला, पुढे नारळाच्या करवंट्या. नामदेवदादांनी दुरूनच हात जोडले आणि सांगितलं, “हीच हद्द. इथपर्यंत आपलं. देवच बसवलाय हद्दीला, म्हणजे कुणाचा वाद नको.” आमच्याकडे हे खरंच करतात. हद्दीच्या दगडाला शेंदूर फासला की त्याला कोणी हात लावत नाही, आणि दोन पिढ्यांनी तो हद्दीचा दगड होता हेच लोक विसरतात. उरतो तो देव.

काकांनी गटाचा नकाशा उलगडून मांडीवर घेतला आणि त्या दगडाकडे पाठ करून विहिरीकडे चालू लागले. 

“ओ, हद्द हिकडं हाय,” नामदेवदादा म्हणाले.

“नकाशात विहीर हाय. देव नाय.”

“देव मोठा का विहीर मोठी?”

“देव मोठा. पण विहीर कोणी खांद्यावरून नेत नाय.”

ही त्यांची पद्धत. जे उचलता येत नाही तिथून मोजायचं. विहीर, ओढ्यावरची दगडी मोरी, रस्त्याचा कोपरा. उन्हात तीन तास त्यांनी विहिरीपासून आणि मोरीपासून, दोन्हीकडून मोजत आणलं. दोन्ही मापं एकाच जागी येऊन मिळाली. ती जागा देवाच्या अलीकडे अकरा फूट होती. म्हणजे आईने भांडी लावलेलं ते स्वयंपाकघर सगळंच्या सगळं शेजारच्या सखूबाईंच्या जागेत होतं.

सखूबाई एकट्या राहायच्या. गलबल्याने कुंपणाशी आल्या होत्या. काकांनी विचारलं, “बाय, ह्यो देव पयल्यापासून इथंच हाय का गो?”

“नाय,” सखूबाई म्हणाल्या. “पयला त्या पायरीकडं व्हता. ह्यांच्या बापानं सैपाकघर बांदलं तवा हिकडं आला. म्हणाला, पावसात सरकला.”

“सरकला?”

“तसंच बोलला. देवाच्या मनात आलं असंल, मी काय बोलनार?”

काका दगडासमोर उकिडवे बसले. टोपी काढली. “देवा, तुमच्यावर काय आळ नाय. तुमाला इचारलंच नसंल कोणी.”

नामदेवदादांना राग आला आणि लाजही वाटली असावी, कारण ते ओरडले नाहीत, नुसते आत गेले. मग बाबांनी काकांना बाजूला घेतलं. त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं, आणि खरं सांगायचं तर ते इथे लिहू नये असं वाटतंय.

“काका, म्हातारीला आतापर्यंत माहीत नव्हतं. तिची तक्रार पण नाय. आमी बौद्ध मानसं, गावात नवीन येनार. आल्या आल्या यांच्या देवावरून भांडण नको. आहे तसं घेतलं तर काय बिघडलं?”

“तिला नव्हतं माहीत,” काका म्हणाले. “आता तुला माहीत झालंय ना?”

काकांनी टेप गुंडाळली.

“बघ बाबा, मी मोजणारा मानूस. घे म्हणत नाय, नको म्हणत नाय. फक्त उद्या तुझी बायको भाकऱ्या थापायला बसंल, तवा कुणाच्या जमिनीवर बसलीय ते तुला रोज आठवंल. तिला नाय आठवनार. तुला.”

त्या दिवशी नामदेवदादांचा चहा कपातच निवला. काका कुंपण ओलांडून सखूबाईंकडे गेले आणि त्यांच्या दारात बसून कोरा चहा प्याले. दोन कप.

बाबा आठ दिवस घरात कोणाशी नीट बोलले नाहीत. क्वार्टर सोडायची तारीख जवळ येत होती. दुसरं घर नव्हतं. नवव्या दिवशी ते एकटेच सापगावला गेले आणि नामदेवदादांना सांगून आले, की घर घेतो, पण स्वयंपाकघर सोडून. मागची खोली पाडा, जागा म्हातारीची म्हातारीला द्या, मग बोलू. नामदेवदादांनी दोन दिवस घेतले आणि कबूल झाले. गावात एव्हाना सगळ्यांना कळलं होतं, आणि दुसरं गिऱ्हाईक यायची आशा संपली होती.

खोली पडली. देव मात्र सखूबाईंच्या जागेच्या मधोमध उभा राहिला. त्याला परत जागेवर कोण नेणार? नामदेवदादा म्हणाले, मी हात लावणार नाही. गावातली माणसं म्हणाली, कोप होईल. बाबांनी तर हात मागेच बांधून ठेवले होते. शेवटी काकांनी चपला काढल्या, दगडाला मिठी मारली आणि अकरा फूट चालत जाऊन खऱ्या हद्दीवर ठेवला. ठेवला आणि तसेच वाकलेले राहिले. कंबर धरली होती. स्कूटर सापगावातच सोडून त्यांना रिक्षात आडवं घालून न्यावं लागलं.

त्यानंतर महिनाभर ते भेटेल त्याला सांगत, “मी अनुभवानं सांगतो. देवाचा कोप कंबरेपुरता असतो. वर जात नाय.” देव अजून तिथेच आहे. सखूबाई त्याला नारळ फोडतात. आईसुद्धा कधीमधी त्याच्यापुढचा पालापाचोळा झाडते.

आईचा काकांवरचा राग मात्र टिकून होता. काका आले की ती पडवीत चूल मांडलेली दाखवायची. “बघा. तुमच्यामुळं मी रस्त्यावरच्या मानसांसमोर भाकऱ्या करते.”

“वयनी, तुमाला पडवी तरी हाय. मी बिगर पडवीचा राहतो.”

हे खरं होतं. आईने दिलेली आंबोशी पोचवायला मी एकदा मुरबाडला त्यांच्या घरी गेलो होतो. चांगलं मोठं घर, पण पुढे पडवी नाही, पायरीसुद्धा नाही. दार उघडलं की थेट हवा. दाराखाली एक लाकडी ओंडका आडवा टाकलेला, त्यावर पाय देऊन चढायचं. अंगणात दारासमोर सरळ ओळीत झेंडूची चार झाडं होती, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. काका झाडं लावतानाही टेप घेऊन बसले असणार, असं मला वाटलं आणि हसू आलं.

काकू ओंडक्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “सगल्या तालुक्याची घरं मोजतात. सोताच्या दाराला पायरी नाय. चांगली पडवी व्हती रे. वाळवी लागली म्हणून एका रविवारी सगली उतरवून टाकली. त्या दिवशी सकालचा चहा पन नाय प्याले.”

“पडवी असली की लोक येऊन बसतात,” काका आतून म्हणाले. “बसले की हलत नाय.”

“आनि ह्यो ओंडका?”

“ओंडका उचलता येतो.”

मी ते कंजूषपणात धरलं. पुढे कल्याणला होस्टेलवर गेल्यावर मित्रांना काकांची नक्कल करून दाखवायचो, त्यात हा ओंडका हमखास असायचा. सगळे हसायचे. त्याची आता लाज वाटते, पण नक्कल चांगली व्हायची हेही खरं आहे.

यंदा माझी परीक्षा संपली त्या दुपारी बाबांचा फोन आला. आधी पेपर कसे गेले ते विचारलं. मग म्हणाले, पष्टेकाका गेले. पंधरा दिवस झाले. तुझी परीक्षा होती म्हणून आईने सांगू दिलं नाही. मग म्हणाले, अजून एक आहे.

काकांच्या घरासमोरची जागा एका मास्तरांची. ते कित्येक वर्षं ठाण्याला असतात, गावाकडे फिरकत नाहीत. ती जागा आता विकायची म्हणून त्यांनी सरकारी मोजणी मागवली होती. काल मोजणीवाले आले. बाबा काकूंना भेटायला गेले होते, ते तिथेच उभे होते. काकूंनी चहाचं विचारलं, तर त्यातला मोठा म्हणाला, आधी मोजणी होऊ दे, पष्टेसाहेबांच्या हाताखाली शिकलोय.

“मग?” मी विचारलं.

“ती झेंडूची झाडं हायत ना, ती पडवीच्या खांबांच्या खड्ड्यात लावलेली. झाडं मास्तरांच्या जागेत आली. चारही. पडवी सगली मास्तरांच्या जागेत व्हती रे. मास्तर म्हणतात, मला कधी कोणी बोललं नाय, मला ठाऊकच नव्हतं. काकूला पन कालच कळलं. ती आपली वाळवी वाळवी करत बसली व्हती.”

“आणि हद्दीचा दगड?”

“दाराशी ठोकला. तो ओंडका उचलून बाजूला ठेवला आनि तिथंच ठोकला.”

“दारापासून किती लांब?”

“लांब नाय रे,” बाबा म्हणाले. “उंबऱ्याला टेकून.”