थांबाताई आणि दुसरी बाटली

डोळ्यांच्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत तिला सगळे ‘थांबाताई’ म्हणत. लाल डोळा घेऊन कुणी दारात आला, की ही ओरडलीच, “थांबा! आधी नमुना, मग थेंब.” पण थांबतो कोण? भावाचं, मागच्या वर्षीचं, हाताला लागेल ते औषध घालूनच माणसं येत. मग काचपट्टीवर काही दिसत नसे, जिवाणू वाढवायच्या प्लेटवर काही उगवत नसे. वर तीच माणसं विचारणार, “एवढी यंत्रं तुमची, तरी कळत नाही?”

घरी तर दिव्याखाली अंधार. वडील घड्याळं दुरुस्त करत. उजव्या डोळ्याला भिंग लावून त्यांनी जन्म काढला. तोच डोळा लाल झाला, तेव्हा शेजारच्या काकांचे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब त्यांनी गुपचूप घातले. लाली ओसरली. पुढे भिंगातून काटे धूसर दिसायला लागले, तेव्हा कुठे तोंड उघडलं.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी बुबुळावरच्या जखमेचा नमुना घेतला, तपासला तिने. जिवाणू नव्हते, प्लेट कोरी. विषाणूची वेगळी तपासणी लावली आणि उत्तर मिळालं: तापानंतर ओठांवर पुटकुळ्या उठवतो, तोच विषाणू.

“काकांच्या थेंबात स्टेरॉइड आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “लाली दाबतं आणि विषाणूला रान मोकळं करून देतं. बंद म्हणजे बंद.”

तिने बाटली स्वतः फेकली. विषाणूवरचं मलम सुरू झालं. जखम भरायला हवी होती, ती पसरली.

“दुसरं काही घालतात का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“छे! माझ्या नजरेसमोर असतात,” ती ठामपणे म्हणाली. घरी येऊन वडिलांची चष्म्याची डबी उघडली, तर आत बाटली. काकांची ऑपरेशनं दोन, म्हणून बाटल्याही दोन.

“बाबा!”

“अगं, तुझं मलम चिकट. हे कसं गार वाटतं.”

“डोळाच गार होईल!”

“ओरडू नकोस. जिवाणू नाहीत, असं तूच म्हणालीस.”

“जिवाणू नाहीत, विषाणू आहे!”

“असेल. भाऊबंदच ना ते?”

तिने कपाळावर हात मारला. बाटली प्रयोगशाळेत नेली आणि टोकावरचा थेंब प्लेटवर पसरला. कोऱ्या प्लेटांना विटलेल्या तिच्यासमोर ही प्लेट दोन दिवसांत हिरवीगार झाली. तिने फोटो घरी दाखवला.

“हे जिवाणू तुमच्या बाटलीच्या तोंडाशी राहतायत. उघड्या जखमेत रोज सोडत होतात. एकदा आत रुजले असते ना, डोळा गेला असता.”

वडिलांनी डाव्या डोळ्याने फोटो निरखला. “रंग काय सुरेख आहे!”

ती उठून गेली. वाद घालायला त्राणच उरलं नव्हतं. मागून आवाज आला, “बाटलीचं टोक पापणीला टेकायचं माझ्या.” नंतर मात्र मलम त्यांनी मुकाट्याने घातलं.

डोळा वाचला, पण बुबुळाच्या मधोमध पांढुरका डाग राहिला. भिंग डाव्या डोळ्याला आलं. आता स्क्रू निसटतात, चिमटा चुकतो आणि बोलणी तिला बसतात.

परवा काका दारात उभे. “माझी बाटली उरली असेल तर द्या. डोळा जरा चुरचुरतोय.”

तिने तोंड उघडण्याआधीच वडील मान वर न करता म्हणाले, “थांबा.”

तिला बरं वाटलं. फार वेळ नाही.

“आधी हिच्याकडचा फोटो बघा. रंग बघण्यासारखा आहे.”