मीरिमचे हात

मला लिहायची सवय नाही. बूट शिवणारा माणूस मी. शिवण चुकली तर उसवता येते, लिहिलेल्याचं काय करतात ते ठाऊक नाही. पण सोनुनला बाजारात चोर म्हणतायत, आणि ते घडलं तेव्हा मी तिथेच बसलो होतो.

बोकोनबायेव्हो या आमच्या किर्गिझ गावाच्या बाजारात एका पत्र्याच्या कंटेनरात आम्ही दोघं. अर्ध्यात माझं दुकान, अर्ध्यात तिचं. लोक लग्नकार्याच्या जुन्या डिस्क आणतात, ती त्यांच्या फाइली करून देते, मग त्या रशियात राबणाऱ्या पोराबाळांना इंटरनेटवरून जातात. बाई तापट. जर्दाळूच्या झाडावर पाखरं हाकलायला टांगलेल्या डिस्कही लोक काढून आणतात. "इतकी वर्षं पाखरांना दाखवलीत, आता माझी आठवण झाली?" म्हणते, आणि मऊ फडक्याने अर्धा तास पुसत बसते. जुनी डिस्क एकदाच धड चालते, म्हणून आधी सगळी उतरवून घेते, मग बघते.

ऑगस्टात उम्सुनाय आली. नात झिबेकच्या पहिल्या पावलांच्या समारंभाची डिस्क होती. पोराच्या पायांना काळा-पांढरा धागा बांधतात, मुलं शर्यत लावतात, जिंकलेला धागा कापतो आणि पोर चालू लागतं. झिबेक आता चौदाची. तिच्या आईला, म्हणजे सून मीरिमला, या उम्सुनायने पोर ठेवून घेऊन घराबाहेर काढलं, त्याला दहा वर्षं झाली. मीरिम मॉस्कोत फरशा पुसते.

"भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकायचंय," उम्सुनाय म्हणाली. "फक्त त्या बयेला काढ."

सोनुनने पडद्यावर लावलं. धागा कापला गेला, पोर डगमगली. तिच्या काखेत दोन हात होते.

"एजे, हे हात काढले तर पोर पडते," सोनुन म्हणाली. वयाने मोठ्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात.

"मग हात राहू दे. तोंड काढ."

"आणि हात कोणाचे म्हणायचे?"

"माझे म्हण. कोण विचारतंय?"

"तुम्ही मागे बसून मटण चघळताय, एजे. स्वच्छ दिसताय."

उम्सुनाय माझ्याकडे वळली. "ओमुके, तुम्ही वडीलधारे. सांगा हिला काहीतरी."

माझ्या तोंडात खिळे होते. तेवढं निमित्त मला पुरलं.

सोनुनने डिस्क काढून तिच्या हातात दिली. "दुसरीकडे न्या. माझ्याकडे आया कापत नाहीत." उम्सुनायने ती गुडघ्यावर ठेवून मोडली. "झालं? आता कोणालाच नको." तुकडे माझ्या चामड्याच्या पाटीत टाकून ती गेली.

सोनुनने पाटीतले तुकडे वेचले. "आबा, मीरिम तुमच्या गावची ना?"

मी खिळे काढले. "लांबची भाची लागते."

"आणि गप्प बसलात."

मी फोन काढून मीरिमचा नंबर दाखवला. दहा वर्षांत मी तो एकदाही लावला नव्हता. सोनुनने उतरवून घेतलेली फाइल मीरिमला पाठवली, एक क्षणही न कापता. आठवड्याच्या आत मीरिमने ती सगळ्यांना दिसेल अशी इंटरनेटवर टाकली. कोणालाही शिवी दिली नाही, खाली फक्त लेकीचं नाव लिहिलं.

तेव्हापासून उम्सुनाय दारोदार सांगतेय की सोनुनने घरची चीज चोरली. बाजाराच्या मालकाकडे तिला हाकलायची मागणी केलीय. ज्यांच्या डिस्क सोनुनने पुसपुसून जिवंत केल्या, तेही उम्सुनायचं ऐकून होकाराची मान हलवतात. त्या मानांचा मला राग येतो. त्या दिवशी खाली घातलेल्या माझ्या मानेचा जास्त.

परवा झिबेक धडधाकट बूट घेऊन आली. "आबा, टाच बघा," म्हणाली, पण नजर शेजारच्या पडद्यावर. सोनुनने न विचारता लावलं. हातांपाशी पोरीने तीनदा थांबवायला सांगितलं. मग स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघितले, बूट उचलले आणि गेली.

शुक्रवारी अक्सकाल, म्हणजे गावातली वडीलधारी पंच मंडळी, न्यायाला बसणार आहेत. डिस्क कोणी मोडली, नंबर कोणी दिला, ते मी सांगणार आहे. ऐन वेळी जीभ अडली, तर हा कागद त्यांच्यासमोर ठेवीन.