मानेतली नळी आणि दोन मिनिटं

डायलिसिसच्या खोलीत किस्से साठायला वेळ लागत नाही. आठवड्यातून दोनदा तेच पेशंट, त्याच दोन कॉट, चार-चार तास. माणसं बोलणार नाहीत तर करणार काय! पण नव्वदीतले आमचे नगरचे किस्से आठवले, की हसू यायच्या आधी तेव्हाची भीती आठवते. पेशंटच्या मानेत रक्त मशीनकडे नेणारी नळी, नळीचं टोक थेट हृदयाशी. कातडीवरचे जंतू त्या वाटेने आत शिरले, की माणूस हातचा जायचा!

*

मी तिथे नर्स आणि सुमन सिस्टर आमच्या इन्चार्ज. नळीभोवती तपकिरी आयोडिन लावायचं आणि पूर्ण दोन मिनिटं वाळू द्यायचं, तरच जंतू मरतात, हा त्यांचा कायदा. एकदा डॉक्टर घाईत होते. ओल्या आयोडिनवरच हात घालायला निघाले.

"हात मागे!" सिस्टर कडाडल्या.

डॉक्टरांनी हात मागे घेतले. पेशंटनेही घेतले. फरशी पुसणाऱ्या मावशींनी तर बादलीच सोडली!

*

पारनेरकडच्या हौसाबाई. ड्रेसिंग उघडलं, तर नळीच्या तोंडाशी राख! मी सिस्टरांना हाक मारली.

"देवाचा अंगारा हाय. त्यानं काय हुतंय?"

मला वाटलं, आता सिस्टर फाडून खाणार. त्यांनी शांतपणे राख पुसली, आयोडिन लावलं. "अंगारा कपाळावर लावा, मावशी. मानेवर माझी ड्युटी आहे."

आठ दिवस त्यांना वॉर्डात ठेवून आम्ही जीव मुठीत धरून ताप मोजला. आला नाही. हौसाबाई म्हणाल्या, "बगा, अंगाऱ्याचा गुन!"

*

हा किस्सा माझ्या चुकीचा. श्रीगोंद्याचे तात्या, साखर कारखान्यात फिटर. "उरका सिस्टर, एसटी जाईल." सुमन सिस्टर जेवायला गेलेल्या. मी उरकलं. दोन मिनिटांचं वाळवणं अर्ध्या मिनिटात!

पुढच्या खेपेला मशीन सुरू झालं आणि वीस मिनिटांत तात्या म्हणाले, "लई थंडी वाजतीय."

बाहेर मे महिना! कॉट खडखडायला लागली. दोन ब्लँकेटं टाकली, तरी दात वाजतच होते. ताप एकशे चार. नळी काढली, अँटिबायोटिक सुरू केलं. बारा दिवस मी ड्युटीच्या आधी वॉर्डात डोकावायचे, कॉट रिकामी तर नाही ना!

वाचले. घरी जायच्या दिवशी मी रडत रडत सगळं कबूल केलं. तात्या म्हणाले, "घाई मला हुती, पोरी. पर घड्याळ तुज्याकडं हुतं."

*

भंडारदऱ्याकडचं एक जोडपं. नवऱ्याच्या मानेत नळी. "ड्रेसिंग भिजलं की जंतू शिरलेच," एवढंच सिस्टरांनी बायकोला बजावलेलं. एकदा तिकडे तुफान पाऊस झाला, रस्ता खचला. दोघं पाच-सहा मैल चालत आले, पुढची गाडी धरली आणि दुपारी भर पावसात पोचले. नवऱ्याच्या अंगावर खताची प्लास्टिकची गोणी, त्यावर घोंगडी, त्यावर छत्री. बाई मात्र नखशिखांत निथळतेय.

सिस्टरांनी एकेक थर काढला. शेवटी त्यांनी ड्रेसिंगवर बोट फिरवलं.

कोरडं ठाक!

मग सिस्टर त्या बाईंवरच खेकसल्या, "अहो, तुम्ही केवढ्या भिजलात! स्वतःवर काही घ्यायचं की नाही?"

"मला कशाला? माज्या मानंत कुटं नळी हाय!"