झाकणबाई

झाकणबाईंचा उजवा तळहात गावातल्या प्रत्येक पोराच्या ओळखीचा होता. रुंद, खडूने पांढरा पडलेला, मधल्या बोटावर मार्करची काळी शाई. पोर पुस्तक उघडून वाचायला लागलं की तो हात अलगद यायचा आणि चित्रावर बसायचा. "हं, आता वाच." निम्म्या पोरांची बोबडी तिथेच वळायची.

हे नाव त्यांना मीच ठेवलं, रागाच्या भरात. झालं असं, की माझी प्रज्ञा तेव्हा दुसरीत होती. मी शिलाई मशीनवर बसायची आणि रोज संध्याकाळी तिच्याकडून धडे म्हणून घ्यायची. पोरगी घडाघडा वाचायची. बोदलकसा तलावाच्या या अंगाला असं वाचणारं दुसरं लेकरू नाही, असं मी ब्लाऊज शिवायला येणाऱ्या प्रत्येकीला ऐकवायची. पालकसभेत मीच तिला पुढे ढकललं. बाईंनी गुपचूप एक पान जास्त उलटलं आणि चित्रावर हात ठेवला. समोर धडा मासळीचा, पोरगी वाचते बैलाचा! तोही न अडखळता, शेवटच्या ओळीपर्यंत. सभा खो खो हसली.

"पाठ आहे तिले. वाचता नाही येत," बाई म्हणाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चित्र झाकता कायले तुम्ही? चित्र का शोभेले छापलं आहे?" असं सगळ्यांसमोर विचारून मी पोरीला ओढत घरी आणलं, आणि वाटेत जो भेटेल त्याच्याजवळ त्या 'झाकणबाई'ला शिव्या घातल्या. नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्या संध्याकाळी प्रज्ञा दप्तर उघडेना. "आई, मले खरंच वाचता येत नाही ना?" एवढंच बोलली. मी नववीत शाळा सोडून मशीनवर बसले होते. ही तरी पुढे जाईल या एका आशेवर माझं सगळं चाललं होतं, आणि पोरगी तर पहिल्याच पायरीवर अडलेली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई दारात उभ्या. हातात बिस्किटाच्या खोक्याचे कापलेले तुकडे, त्यांवर जाड मार्करने लिहिलेले शब्द. कालच्या भांडणाचा चकार शब्द नाही. "मेहनत केली तू पोरी, नाही म्हणत नाही. पण लेकराचा डोळा चित्रावर अन् कान तुझ्यावर. अक्षराकडे कोणीच पाहून नाही राहिलं." मी चहा ठेवला. दुसरं काय करणार?

त्यांनी सुतळीने माझ्या घराला शब्द बांधले. कात्री, दोरा, सूप, घागर, दार. चित्र कशावरच नाही. आणि मग त्यांची खरी खोड सुरू झाली. शाळेत जाता-येता त्या आत शिरायच्या आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल करून जायच्या. सुपाला 'घागर', घागरीला 'कात्री'. प्रज्ञा आधी गोंधळायची, मग चिडायची. "आई, पाह्य ना, बाईनं काऊन चुकीचं बांधलं!" म्हणत एकेक शब्द बोटाने तपासून ज्याचं त्याला नेऊन लावायची. गुरुजनांच्या चुका काढायला मिळाल्या तर कोणतं पोर थांबेल? बाई म्हणायच्या, "पोट्ट्याले शिकवू नका, त्याले तुमच्यावर रागवू द्या. आपोआप वाचते."

तान्ह्या पोळ्याला सगळी पोरं लाकडी बैल सजवून शाळेच्या पटांगणात आली. बाईंनी प्रत्येक बैलाच्या गळ्यात एक नवा शब्द अडकवला होता. दुसऱ्याच्या बैलाचा शब्द वाचायचा, मगच बोजारा, म्हणजे खाऊ आणि पेन्सिल. प्रज्ञापुढे आला एक शब्द जो ना पुस्तकात होता, ना आमच्या घरात. ती थांबली. माझा जीव टांगणीला. माझे ओठ हलले, तशा बाई कडाडल्या, "तू चूप राह्य!"

"शिं... गा... डा." प्रज्ञा पुटपुटली. मग एकदम तिचे डोळे मोठे झाले. "शिंगाडा! आई, आपल्या बोडीतला, तळ्यातला शिंगाडा!" मी तिथेच पटांगणात पदर तोंडाला लावून रडले. बाईंनी बोजारा तिच्या हातावर ठेवला आणि दुसरी पेन्सिल माझ्या हातावर. "हे तुले. चूप राहिली म्हणून."

निवृत्त होऊन त्या गोंदियाला बहिणीकडे राहायला गेल्या. मागच्या महिन्यात आम्ही मायलेकी भेटायला गेलो. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. आवाज मात्र तसाच. "आठवीत गेली ना? पेपर वाचून दाखव मले," त्यांनी हुकूम सोडला. प्रज्ञाने पेपर मांडीवर पसरला. बाईंचा उजवा हात हवेत चाचपडत पुढे आला.

"फोटो असन त्यात. झाक."

"झाकला बाई, आधीच."

मी पाहिलं. पोरीचा डावा तळहात खरंच फोटोवर पालथा पडला होता. पेपर मांडीवर घेतला तेव्हाच तिने तो ठेवला असणार, मलाही कळलं नव्हतं. बाईंनी चाचपडत तो हात शोधला, बोटांनी नीट तपासला, आणि त्यावर आपला ठेवला.

"हं, आता वाच."