कॅमेऱ्यात आला आईंचा हात

स्क्रीन लाल झाली. पूर्ण लाल, आणि मध्ये हिंदीत लिहून आलं की कमरे में दूसरा व्यक्ति पाया गया, परीक्षा रोकी जाती है. आणि माझ्या तोंडात दही होतं. गिळू का थुंकू तेच कळेना. मी हात लावला तर फोन आणखी ओरडायला लागला, टीं टीं टीं, आणि माझा प्रश्न, जो मला येत होता, खरंच येत होता हो, तो गायब. घड्याळ गायब. कोपऱ्यातला माझाच चेहरा तेवढा राहिला, ओठाला साखर लागलेला.

मागे आई उभ्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. एका हातात वाटी, एका हातात चमचा, कडेवर माझी पोरगी.

"काय झालं गं? मी तर खाली वाकून आले."

हेच तर झालं ना. खाली वाकून आल्या.

आता नीट सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही. मी दहावीत होते तेव्हाच माझं लग्न ठरलं, तिथेच शाळा सुटली. मग इथे इंदूरला आल्यावर आईंनीच मागे लागून लागून दहावी, मग बारावी करवून घेतली, प्रायव्हेट. मग पोरगी झाली, मला वाटलं आता झालं, बस. तर आई बोलल्या, "बस कसली? आमचे सासरे महूला फौजेत होते, ते म्हणायचे घरात भांडी कमी चालतील, पुस्तकं कमी नाही चालणार." आई स्वतः चौथी शिकलेल्या. सही करतात, बसचा बोर्ड वाचतात, बाकी अक्षरं बघून पुढे सरकतात. तर अशा बाईने मला बी.ए.ला घातलं, घरबसल्या. युनिव्हर्सिटीचं सेंटर पलासियाला आहे, एका कोचिंग क्लासच्या वरती, आणि परीक्षा फोनवर. कॅमेरा तुमच्याकडे बघत बसतो आणि तुम्ही लिहीत बसा.

त्या कॅमेऱ्याचे नियम काय सांगू. खोलीत कोणी नको. आवाज नको. मान इकडेतिकडे नको. भिंतीवर फोटोत चेहरा असेल तर तोही मोजतो म्हणे, म्हणून मी आजेसासऱ्यांच्या फौजी फोटोवर ओढणी टाकली, मनात माफी मागून. फोन टिफिनच्या डब्याला टेकवून ठेवला. ठरलं असं की आई पोरीला घेऊन कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांकडे, त्या नदीकाठच्या जुन्या समाध्यांकडे, जाऊन बसतील, पेपर झाला की मी बोलवेन.

गेल्या पण. आणि अर्ध्या रस्त्यातून परत आल्या.

आमच्या घरात कोणी परीक्षेला निघालं की दारात उभं करून हातावर दही-साखर देतात. आमच्यात देवाचं काही नाही, आई म्हणतात हे देवाचं नाहीच, पोटाचं आहे, डोकं थंड राहतं. आजेसासरे मुलांना भरतीला पाठवायचे तेव्हापासून चालू आहे. ह्यांना क्लिनिकमध्ये नोकरी लागली, तुकोगंजला, तेव्हा इंटरव्ह्यूला जाताना दिलं होतं. पण मी तर कुठे निघालेच नाही ना! दारातून बाहेर पडलेच नाही. तर आईंना द्यायची आठवण कशी येणार? त्यांना वाटेत आठवलं, की सून तशीच बसली पेपरला. मग धावत घरी. आणि दार मी लोटलं होतं, कडी नव्हती लावली.

आईंना माहीत होतं की कॅमेऱ्यात दिसायचं नाही. म्हणून त्या वाकल्या, जवळजवळ बसूनच आल्या, आणि खालून चमचा वर केला. मी वाचण्यात होते, तोंडाशी चमचा आला आणि मी तोंड उघडलं. लहान मूल कसं उघडतं तसं. आई कानात बोलल्या, "घाबरू नको."

बस, एवढंच.

मग फोनवर मेसेज आला की तुमच्यावर अनुचित साधनाचा केस आहे, सेंटरला हजर व्हा. अनुचित साधन! मी दोनदा वाचलं. म्हणजे नकल. कॉपी. पोरीच्या दुधाची बाटली हातातून पडली. केस सिद्ध झाला तर सगळं वर्ष जातं. आणि पुढच्या वर्षी हे लोक बसू देतील का, तेही पक्कं नाही.

पलासियाला गेलो तर खाली गेटवर गर्दी. पोरं धरण्यावर बसलेली, ढोलक वाजतंय. माझ्यासारखे आणखी पुष्कळ पकडलेले. एकाला पंख्याच्या सावलीमुळे, एकीला बाहेर भाजीवाला ओरडला म्हणून. विद्यार्थ्यांच्या युनियनच्या निवडणुका आल्यात, तर एक पार्टी बोलते ही कॅमेऱ्याची कंपनी दुसऱ्या पार्टीवाल्यांनी आणली, दुसरी बोलते तुम्हीच आणली. धरण्यावरल्या पोरांचा नेता पुढे आला, पांढरा शर्ट, गळ्यात गमछा.

"भाभीजी, टेन्शन मत लो. आप बस माताजी को कटोरी लेके यहाँ खड़ा कर दो, एक रील बनाते हैं. आग लग जाएगी इंदौर में."

आई बोलल्या, "वाटी घरी आहे, भिया. आणि घासून ठेवलीये."

"कटोरी हम मँगवा लेते हैं, माताजी!"

"मग चमच्याने तुम्हीच खा. मी काय नाटकवाली आहे का?"

पोरं हसली. मी नाही हसले. त्या गमछावाल्याने माझ्या कानात सांगितलं, "सोच लो भाभीजी, ऊपर कोई नहीं सुनेगा."

वर एक मॅडम होत्या आणि एक सर, लॅपटॉप घेऊन. आई आणि पोरगी बाहेर बाकड्यावर. दार अर्धं उघडं. सरांनी व्हिडिओ लावला. आणि खरं सांगू, मलाच शॉक बसला. मी वाचतेय, आणि खालून टेबलाच्या कडेने एक हात येतो, हळूच, चोरासारखा. बांगडी दिसते. मग डोक्याचा नुसता वरचा भाग, पांढरे केस. मग माझ्या कानापाशी काहीतरी पुटपुट. बघणारा काय म्हणेल? मीच म्हटलं असतं की ही बाई सांगतेय.

"ये क्या है?" सर बोलले.

"दही-साखर आहे, सर."

सर हसले. मॅडम नाही हसल्या. त्यांनी सरांना चहा सांगायला पाठवलं आणि मग एकदम मराठीत बोलल्या, "मला माहितीये गं दही-साखर. माझी आई पण द्यायची. पण इथे मला टिक करायला दोनच खाने आहेत. मान्य, अमान्य. दही-साखरेचा खाना नाहीये."

मी बोलले, "मग?"

"मान्य केलंस की घरच्या माणसाने उत्तर सांगितलं, तर फक्त हा पेपर रद्द. परत देता येईल. अमान्य केलंस तर केस मोठ्या कमिटीकडे जाईल, आणि निवडणुका होईपर्यंत ती कमिटी बसणारच नाही. तोपर्यंत तुझा रिझल्ट अडकला. वर्ष गेलंच समज." मग आवाज खाली करून, "मान्य कर. बऱ्याच जणांनी केलंय."

मी विचारलं, "आईंचं नाव लागेल का?"

"लागेल. फोटो व्हिडिओतला आहेच. बाहरी सहायक म्हणून."

मी काही बोलायच्या आत दार ढकललं गेलं. आई आत. पोरगी कडेवर, पोरीच्या हातात त्यांच्या साडीचा पदर.

"हो मॅडम. मीच सांगितलं. उत्तर मीच सांगितलं तिला."

मी बघतच राहिले. ही बाई, जी भाजीवाल्याशी घासाघीस करताना सुद्धा खोटं बोलत नाही, 'तिकडे स्वस्त आहे' असं सुद्धा म्हणत नाही, कारण तिकडे विचारलेलं नसतं.

मॅडमनी विचारलं, "प्रश्न कोणता होता, माताजी?"

आई थांबल्या. "तोच. जो अवघड होता."

सर तेवढ्यात परत आले होते, ते खो-खो हसले. आई हसल्या नाहीत. ताठ उभ्या, हनुवटी वर, जशी फोटोत आजेसासऱ्यांची आहे. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, पेन टेकवून. "ह्या म्हणतात ते लिहू का? तू हो म्हण फक्त."

आईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. हो म्हण, हो म्हण.

आणि माझ्या तोंडातून काय निघालं तर, "नाही मॅडम. आई खोटं बोलतायत."

खालून ढोलक ऐकू येत होतं. मॅडमनी टिक केलं, अमान्य, आणि लॅपटॉप बंद केला.

बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसल्या. पोरगी माझ्याकडे येत होती तर तिला पण धरून ठेवलं. उतरल्यावर कृष्णपुऱ्याच्या पुलावर थांबल्या आणि बोलल्या, "सगळ्यांसमोर मला खोटी पाडलीस."

"मग त्यांनी तुम्हाला चोर लिहिलं असतं ते चालवून घेऊ?"

"लिहू द्यायचं होतं! माझं काय गेलं असतं? मला कुठे पेपर द्यायचाय? वर्ष तुझं गेलं ना, बाई." आणि मग त्या रडल्या, पुलावर, येणारे-जाणारे बघतायत. लग्न झाल्यापासून मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघितलं, आणि ते माझ्यामुळे.

ह्यांना सांगितलं तर ते म्हणतात आईच बरोबर आहे, एक मान हलवायची होती तुला. माझी आई फोनवर म्हणते मी केलं तेच बरोबर, सासूला चोर लिहवून डिग्री आणलीस तर ती भिंतीवर लावशील कुठे. रिझल्टवर अजून 'रोका गया' येतं. मी रोज बघते. आई विचारत नाहीत, पण मी फोन उघडला की त्यांचा हात कामावर थांबतो, मला दिसतं.

मला खरंच कळत नाही हो. तुमच्या सासूबाई, नाहीतर तुमची आई, तुमच्यासाठी अशी उभी राहिली असती, सगळ्यांसमोर, खोटं कबूल करत, आणि तुम्हाला नुसती मान हलवायची होती. तर तुम्ही काय केलं असतं? हलवली असती?