पायलीचं पान

दादा गेल्याची बातमी मला शहापूरला शाळेत कळली, आणि ती घेऊन आला तो मुरबाडच्या वखारीचा माणूस. सायकल भिंतीला टेकवून म्हणाला, "मास्तर, तुमचं दादा सकाळी गेलं. शेठनी सांगितलंय, असा सचोटीचा मापारी परत होनार नाय." मी हातातला खडू खाली ठेवला. खरं सांगायचं तर आधी रडू आलंच नाही, तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या शेठने माझ्या थोरल्या भावाला खोटारडा ठरवून बाजारातून उठवलं, त्याला आता त्याची सचोटी आठवत होती. महिना उलटून गेला, पण तो संताप काही उतरत नाही.

दादा मुरबाडच्या बाजारात मापारी होता. आजोबाही मापारीच, पण कल्याणच्या बंदरावर. शेतकऱ्याचं भात व्यापाऱ्याला मापून द्यायचं, पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचं आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, हा आमच्या घरचा धंदा. आजोबांच्या कामावर खूश होऊन एका गलबतवाल्या व्यापाऱ्याने त्यांना एक पुस्तक दिलं होतं. नाणी, व्यापार आणि मोजमापं यांचं, शिळाप्रेसवर छापलेलं, आणि आतली चित्रं हाताने रंगवलेली. मोहरा पिवळ्याधमक, तांब्याचे पैसे काताच्या रंगाचे, शिडांची गलबतं, कापडाचे गज... मधोमध एक घडीचं पान होतं. त्यावर धान्य मापायच्या पायलीचं तोंड अगदी खऱ्या आकाराचं काढून हिरव्या रंगाने भरलं होतं, आणि शेजारी तिच्या उंचीची तांबडी पट्टी. दादाला अक्षरं जेमतेम लागायची, पण या पानाला अक्षरांची गरज नव्हती. कुठलीही पायली हिरव्यावर पालथी घालायची. हिरवं बाहेर दिसलं तर माप लहान, पायलीच बाहेर गेली तर मोठं.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी आपल्या वह्या पूजतात. आमच्या घरात वही कुठली असायला? वहिनी हे पुस्तक पाटावर उघडून ठेवायची आणि त्या घडीच्या पानावरच हळदकुंकू वाहायची. घर पायलीवर चालतं, तर पूजाही पायलीची. मी एकदा म्हणालो, "वहिनी, जुना कागद आहे, डाग पडतात." त्यावर ती म्हणाली, "देवाला वायलेल्याला डाग नाय म्हनत, भावजी." दादा हसला आणि विषय तिथेच संपला.

शिक्क्याची सरकारी मापं तेव्हा आमच्या बाजारात पोचली नव्हती. शेठने वखारीत नवी पायली आणली. दुसऱ्याच बाजाराला दादाने सगळ्यांदेखत पुस्तक उघडलं आणि ती हिरव्यावर पालथी घातली. चहूकडून बोटभर बाहेर, म्हणजे दर मापामागे शेतकऱ्याचं तेवढं भात फुकट जाणार. "हिनं मी मापनार नाय," एवढंच तो म्हणाला. सिद्धगडाच्या पायथ्यापासून डोक्यावर भात आणणारी माणसं डोळे फाडून ते पान बघत होती. शेठने उलट दादावरच तक्रार केली, की हा बनावट पुस्तक दाखवून बाजार बिघडवतो. चौकशीला तालुक्याच्या कचेरीतला साहेब यायचा ठरला तेव्हा दादाने मला बोलावून घेतलं. "तू शिकलेला हायस. मना साहेबाशी बोलाया नाय जमायचं रे."

साहेबाने पायली पुस्तकावर ठेवून पाहिलीसुद्धा नाही. त्याने बोट ठेवलं ते तांबड्या पट्टीवर, जिथे वर्षानुवर्षांचं कुंकू पसरून तिची कड पुसट झाली होती. "हा रंग घरी लावलाय?" त्याने मला विचारलं. मी म्हणालो, "तेवढं कुंकू घरचं आहे, साहेब." "आणि बाकीचे रंग? छापलेले की हाताने भरलेले?" मी म्हणालो, "हाताने." खरं तेच बोललो. पण शेवटच्या पानावर स्पष्ट छापलं होतं, की सगळी चित्रं छापखान्यातच कारागिरांकडून रंगवून घेतली आहेत. ती ओळ मी दहा वेळा वाचलेली होती. नुसतं पान उलटायचं होतं... तेवढ्यात साहेबाने मऊ आवाजात विचारलं, "मास्तर, आपण कुठल्या शाळेत असता?" मी शाळेचं नाव सांगितलं आणि खाली बसलो. पुस्तक घरी रंगवलेलं ठरलं आणि दादा लबाड ठरला.

त्यानंतर त्याला मापाला कुणी उभं केलं नाही. उरलेला जन्म तो गवताच्या वखारीत गठ्ठे बांधत राहिला. लढाई आली, रेशन आलं, पुढे शिक्क्याची मापंही आली. तेव्हा शेठची ती पायली कुठे गडप झाली हे एकानेही विचारलं नाही. मला दादाचासुद्धा राग येतो. त्याने मला कधी एका शब्दाने सुनावलं नाही. मी गेलो की "पोरं बरी हायेत ना रे?" म्हणून तांदळाची पिशवी हातात द्यायचा. त्यापेक्षा एक सणसणीत शिवी हासडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तेरावा झाला आणि वहिनीने फडक्यात बांधलेलं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. "घेऊन जा, भावजी. मना घरात नको. माज्या कुंकवानं त्यांची मापारकी गेली." इतकी वर्षं ती हे मनात धरून होती. दादापुढेही कधी बोलली नव्हती, आणि दादाने माझ्याबद्दल घरात अवाक्षर काढलं नव्हतं.

मी फडकं सोडलं आणि शेवटच्या पानावरची ओळ तिला वाचून दाखवली. मग त्या दिवशी मी काय बोललो आणि काय बोललो नाही, तेही सांगितलं. तिने त्या छापील ओळीवर बोट ठेवलं.

"हे तुमाला तवाच ठावं व्हतं?"

"हो."

"मंग मना सांगून काय व्हनार? ज्यांच्यापुढं गप बसलात, त्यांच्यापुढं सांगा."

तो साहेब आता कुठे असतो मला ठाऊक नाही. पण बाजार आहे, शेठ आहे, आणि त्या दिवशी तिथे जमलेल्यांपैकी कुणी ना कुणी हे वाचेल. त्यांच्यासाठी लिहितो. त्या पुस्तकातला एकही रंग आमच्या घरी भरलेला नाही. माझ्या भावाचं माप खरं होतं, आणि मी खाली बसलो तेव्हा मला ते माहीत होतं.