भिंत बघून निवडलेली शाळा

माझी शाळा माझ्या वडिलांनी भिंत बघून निवडली. हे मी चिडून सांगते आहे, पण तिखटमीठ लावून नाही. मी तेव्हा नुकतीच चौथी पास झाले होते. सोनगीरजवळच्या आमच्या गावातून नाना, म्हणजे माझे वडील, मला एसटीने धुळ्याला घेऊन आले. शाळा सिस्टर लोकांची, इंग्रजी माध्यमाची, फक्त मुलींची. मला गेटजवळच्या निंबाखाली उभं करून नाना कंपाउंडच्या भिंतीच्या कडेकडेने चालू लागले, आणि पूर्ण वळसा घालून दुसऱ्या बाजूने परत आले. धोतराला चिकटलेले गोखरू काढत म्हणाले, "भिंत मजबूत शे. वर काचा बी लायेल शेतस."

मग आम्ही ऑफिसात गेलो. मोठ्या सिस्टरांनी माझं प्रगतिपुस्तक पाहिलं, मला दोन गणितं घातली आणि नानांना म्हणाल्या, "तुम्हाला काही विचारायचं आहे?" त्या केरळच्या, पण मराठी स्वच्छ बोलायच्या. नानांनी टोपी सारखी केली आणि विचारलं, "गेट कितला वाजे बंद व्हस?"

"आठ दहाला."

"आनि मंग?"

"मग साडेतीनपर्यंत कोणी आत नाही, कोणी बाहेर नाही."

नानांनी तिथेच मान डोलावली. गणित कोण शिकवतं, प्रयोगशाळा आहे का, वाचायला पुस्तकं मिळतात का, एक अक्षर नाही. गाय घेताना माणूस तिचे दात तरी बघतो. माझा दादा गावातल्या हायस्कुलात जायचा. त्या शाळेला भिंतच नव्हती, बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं आणि तेही अर्धं शेळ्यांनी मोडलेलं. दादा त्यातून दिवसातून चार वेळा आत-बाहेर करायचा. त्याच्या शाळेभोवती नानांनी कधी वळसा घातला नाही.

आजही जळगावात, धुळ्यात, दोंडाईच्यात कुणाला विचारा, मुलीला कॉन्व्हेंटमध्ये का घातलं? उत्तरं पाठ असतात. इंग्रजी चांगलं होतं. शिस्त लागते. वळण लागतं. हे "वळण" ऐकलं की माझं डोकं फिरतं. मुलांना वळण नको असतं का? पण तसं विचारलं की लोक हसतात आणि म्हणतात, ताई, तुम्ही फार बोलता. खरं कारण कुणी बोलत नाही. सिस्टर म्हणजे लग्न न केलेल्या, देवाधर्माच्या बायका, त्यांच्या आवारात पुरुषाचा वारा नाही, म्हणून मुलगी दहावीपर्यंत बिनघोर ठेवायला जागा बरी. दहावीनंतर जशी ठेवली तशी उचलून आणायची.

गावातल्या लोकांना तेवढंही पटलं नव्हतं. पारावर एक जण नानांना म्हणाला की सिस्टरा पोरीला बाटवतील. नानांनी उत्तर दिलं, "अभ्यासच इतला देतस, बाटाले टाइम कोठे शे?" सगळे हसले. नाना बोलण्यात कुणाला हार जात नसत, हे मला कबूल केलं पाहिजे.

पहिलं वर्ष मी रडून काढलं. झेडपीच्या शाळेतून आलेली, घरी अहिराणी, वर्गात इंग्रजी. मोठ्या सिस्टर मधल्या सुट्टीत मला ऑफिसात बसवून घ्यायच्या आणि अर्धा तास शिकवायच्या. मी डबा खात असायचे, त्या वाचून दाखवायच्या. माझ्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा मागून घ्यायच्या आणि ठेचा लागला की डोळे पुसत पुढचं वाक्य वाचायच्या. सहावीत मला गणितात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले, तेव्हा त्यांनी मला ग्रंथालयाची किल्ली सांभाळायला दिली. आमच्या घरात माझ्या हातात कधी साध्या कपाटाची किल्ली नव्हती.

आणि भिंतीच्या आत काय चालायचं ते नानांनी एकदा बघायला हवं होतं. मोठ्या सिस्टर शाळेची जीप स्वतः चालवायच्या. वीज गेली की वीज मंडळाच्या ऑफिसात जाऊन साहेबाशी भांडायच्या आणि लाइनमनला जीपमध्ये बसवूनच परत यायच्या. दुसऱ्या एक सिस्टर पाण्याची मोटार बिघडली की पदर, म्हणजे तो पांढरा झगा, खोचून विहिरीच्या कठड्यावर चढायच्या. सतरा-अठराव्या वर्षी आई-बापाचं घर सोडून, दोन-दोन दिवस रेल्वेत बसून, भाषा येत नाही अशा मुलखात आलेल्या या बायका. आमच्या लोकांनी काय केलं, तर मुलींनी घरातच राहावं म्हणून त्यांना घर सोडून आलेल्या बायकांच्या स्वाधीन केलं! एवढी साधी गोष्ट एकाही बापाच्या लक्षात आली नाही. सगळे भिंत बघत होते.

दहावीला मी शाळेत पहिली आले. सिस्टरांनी नाशिकच्या एका कॉलेजात अकरावी सायन्सला माझ्यासाठी बोलणं करून ठेवलं, तिथे मुलींचं हॉस्टेलही होतं. नाना नाही म्हणाले. तेव्हा सिस्टर स्वतः जीप चालवत आमच्या गावात आल्या. अख्खं गाव बघायला जमलं. नानांनी त्यांना खाटेवर बसवलं, आईने चहा केला. सिस्टर खूप बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "मी पण सतराव्या वर्षी घर सोडलं, नाना. काही वाईट झालं का माझं?"

नाना बशीतला चहा संपवून म्हणाले, "तुमनी गोष्ट येगळी शे सिस्टर. तुमले लगीन करनं नव्हतं."

सिस्टर उठल्या. जीपजवळ जाऊन त्यांनी नानांना एवढंच सांगितलं, "तुम्ही मला गेट बंद कधी होतं ते विचारलं होतं. उघडतं कधी, ते विचारायला पाहिजे होतं." नानांनी हात जोडले. मी दाराआड उभी होते आणि मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला, सिस्टरांचासुद्धा, कारण त्या निघून जात होत्या.

पुढचं सांगायला फार नाही. माझ्या बायोडेटात "शिक्षण: कॉन्व्हेंट" हे जन्मवेळेच्या खालीच होतं. बघायला आलेल्यांनी मला इंग्रजी पेपर वाचायला लावला, मी वाचला, आणि एकविसाव्या वर्षी लग्न होऊन जळगावला आले. माझ्या इंग्रजीचा सासरी फार मान झाला. औषधाच्या बाटल्या मी वाचायचे, बँकेचे फॉर्म मी भरायचे, वॉशिंग मशीनचं पुस्तक मी वाचून सगळ्यांना समजावलं. चार वर्षं ग्रंथालयाची किल्ली सांभाळली ती याच्यासाठी! माझे यजमान माणूस म्हणून चांगले आहेत, पण चांगल्या माणसाच्या घरातही शिक्षण वाया जाऊ शकतं.

मुलगी झाली तेव्हा मीही तिला जळगावात सिस्टरांच्याच शाळेत घातलं. लोकांनी विचारलं, तुझा एवढा राग होता ना? राग शाळेवर कधीच नव्हता. प्रवेशाच्या दिवशी मी मुद्दाम भिंतीकडे पाठ करून उभी राहिले आणि सिस्टरांना प्रयोगशाळेचं विचारलं, ग्रंथालयाचं विचारलं, मुली इथून पुढे कुठे जातात ते विचारलं. बाहेर येताना मला वाटत होतं, नानांचा हिशेब आज चुकता केला.

यंदा लेक दहावी झाली. तिला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा होता आणि नंबर लागला नाशिकच्या पॉलिटेक्निकला. यजमान म्हणाले, जाऊ दे, माझी हरकत नाही. ऑनलाइन जागा स्वीकारायची शेवटच्या दिवशी पाचपर्यंत मुदत होती, नाहीतर जागा गेली. त्याच आठवड्यात नाना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते. त्या दुपारी ते काळा चष्मा लावून दिवाणावर बसले होते, लेक लॅपटॉपसमोर, आणि ओटीपी येणार होता माझ्या मोबाइलवर, म्हणून मी तिच्याशेजारी.

नातीने नाशिकचं सांगितलं. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हॉस्टेलनं गेट कितला वाजे बंद व्हस?"

माझा तोल गेला. पंचवीस वर्षं तोंडात धरलेलं सगळं बाहेर आलं. मी म्हणाले, नाना, तुम्हाला जन्मात दुसरा प्रश्न सुचला नाही का? मी काय शिकते हे कधी विचारलंत? दादा दोनदा नापास झाला तरी त्याला धुळ्याला खोली घेऊन दिलीत, आणि मी पहिली आले तर मला पेपर वाचायला लावलात! सिस्टर दारात येऊन गेल्या, त्यांचं ऐकलंत? तुम्हाला शाळा नको होती, तिजोरी हवी होती. वयस्कर माणसाशी, त्यातून डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या बापाशी असं बोलू नये, हे मला कळत होतं. तरी मी बोलले.

नानांनी काळा चष्मा सारखा केला. बोलली ती लेक.

"आई, काल तू हॉस्टेलला फोन केलास, तेव्हा रेक्टर मॅडमना पहिलं काय विचारलंस?"

मी मांडीवरच्या मोबाइलवर हात ठेवला.

"मी इथेच होते. तू विचारलंस, गेट कितीला बंद होतं. मेसचं नाही, लॅबचं नाही. आणि आत्ता दोनदा ओटीपी आला, तू म्हणालीस रेंज नाही. मला तुझा मोबाइल वाजलेला ऐकू आला आई. दोन्हींची मुदत संपून गेली."

ते खरं होतं. आदल्या दिवशी फोनवर तो प्रश्न माझ्या तोंडून निघाला होता, अगदी नानांच्या सुरात. आणि दोन्ही ओटीपी मी पाहिले होते, मोबाइल मांडीवर पालथा ठेवला होता. कशासाठी, ते मलाही नीट सांगता येणार नाही. सोळा वर्षांची पोर, अनोळखी शहर, रोज पेपरात काय काय येतं. भीतीच होती, दुसरं काही नाही. नानांचीही भीतीच असणार. पण त्यांच्या भीतीला मी पंचवीस वर्षं शिव्या दिल्या आणि माझ्या भीतीला काळजी म्हणत बसले. खाण तशी माती म्हणतात ते खोटं नाही.

घड्याळात साडेचार होऊन गेले होते. लेकीने तिसऱ्यांदा बटण दाबलं. मोबाइल वाजला. मी चष्मा लावला आणि सहाच्या सहा आकडे मोठ्याने वाचले. तिने ते घातले. जागा पक्की झाली.

"व्हयनं का?" नानांनी विचारलं.

"झालं, नाना."

मग ते म्हणाले, "मन्हावर आजून राग शे का बाई?"

"आहे," मी म्हणाले. "पण आता तुमच्या एकट्यावर नाही."

लेकीने प्रवेशाचे कागद डाउनलोड केले आणि हॉस्टेलच्या नियमांचं पान मला वाचायला दिलं. मी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. गेट बंद व्हायची वेळ ठळक अक्षरांत छापली होती, खाली रेघ मारून. उघडायची वेळ त्या पानावर कुठेच नव्हती. मी मोबाइल उचलला आणि रेक्टर मॅडमना पुन्हा फोन लावला.